'वरून लावायचे' औषध

मराठी घरात औषधांचे दोन वर्ग पूर्वापार मानले जातात. एक पोटात घ्यायचे आणि दुसरे वरून लावायचे. पोटात घ्यायच्या औषधाविषयी थोडीफार धास्ती असते. ते किती घ्यावे, केव्हा घ्यावे, उपाशीपोटी चालेल काय, असे प्रश्न डॉक्टरांना विचारले जातात. वरून लावायच्या औषधाची अशी चौकशी सहसा कोणी करीत नाही. हळद, चंदनाचे खोड, मुलतानी माती आणि तुरटी यांच्याच पंक्तीला मलमाची नळीही फळीवर जाऊन बसते. गुण आला तर उत्तम, न आला तरी अपाय होणार नाही, हा त्यामागचा विश्वास. हा विश्वास केवळ घरापुरता असता तर तो लोकशिक्षणाचा विषय ठरला असता. परंतु या देशाच्या औषधविषयक नियमांनीही अनेक दशके हाच विश्वास बाळगला. त्याची किंमत आज असंख्य तरुण-तरुणींना आपल्या चेहऱ्याने मोजावी लागत आहे.

प्रश्न आहे तो स्टेरॉइडयुक्त मलमांच्या गैरवापराचा. त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या या रुग्णांची कहाणी बहुधा एकाच वळणाने जाते. कॉलेजच्या पहिल्या वर्षात असलेल्या मुलीच्या गालांवर मुरुमे येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञ असतो. पण तेथे जायचे म्हणजे एका दिवसाची खोटी, शिवाय प्रवासखर्च आणि तपासणीची फी. त्यापेक्षा मामेबहीण, पार्लर चालवणारी बाई किंवा कोपऱ्यावरचा औषधविक्रेता जवळचा. कोणीतरी एका मलमाचे नाव सांगते. ते लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाली उतरते, सूज बसते, वर्णही उजळल्यासारखा वाटतो. घरचे कौतुक करतात. नळी संपते, दुसरी येते. दोन-तीन महिन्यांनी पूर्वी नव्हत्या अशा बारीक, एकसारख्या पुटकुळ्या उठू लागतात. उन्हात गेले की चेहरा जळतो. गालांवर तांबड्या शिरांचे जाळे दिसू लागते, हनुवटीवर लव वाढते. घाबरून मलम बंद करावे, तर थोड्याच दिवसांत सारा चेहरा लालबुंद होऊन भडकतो. पुन्हा लावले की शांत होतो. म्हणजे मलम चांगलेच आहे, ते थांबवण्यात चूक झाली, असा तिचा समज होतो. ज्याने रोग वाढवला तेच औषध ठरते आणि नळीमागून नळी संपत जाते.

गुण येतो तो कसा

या औषधाची सरसकट निंदा करण्याचे कारण नाही. कॉर्टिसोन व तत्सम संप्रेरकांवरील संशोधनासाठी हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन या तिघांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटेन या अमेरिकन डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून ते गुणकारी ठरते हे दाखवले, आणि त्वचारोगांच्या उपचारात एक नवे युग सुरू झाले. इसब, सोरायसिस आणि निरनिराळ्या अॅलर्जी यांनी वर्षानुवर्षे खाजवून हैराण झालेल्या रुग्णांना या मलमांनी जो दिलासा दिला तो अमूल्य आहे. योग्य रोगावर, योग्य ताकदीचे, ठरावीक दिवस वापरलेले स्टेरॉइड आजही तज्ज्ञांच्या हातातील एक श्रेष्ठ साधन आहे. दोष औषधाचा नाही. ते कोठे, कोणी आणि किती दिवस वापरावे याचा विवेक सुटला, हा खरा दोष आहे.

स्टेरॉइड दाह शमवते आणि त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते. रक्तवाहिन्या आकसल्या की त्वचा फिकी पडते. १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन या संशोधकांनी नेमका याच गुणधर्माचा उपयोग करून स्टेरॉइडची ताकद मोजण्याची पद्धत बसवली. मलम लावलेल्या जागी कातडी जितकी पांढुरकी पडेल, तितके ते औषध जहाल. प्रयोगशाळेत जो औषधाच्या तीव्रतेचा पुरावा मानला जातो, तोच घरातील आरशात 'उजळपणा' म्हणून दिसतो. मुलीला जो गुण वाटतो ती वस्तुतः धोक्याची सूचना असते.

पुढचा भाग अधिक गंभीर आहे. सर्व शरीराची त्वचा सारखी नसते. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या निरनिराळ्या भागांतून किती शोषले जाते याचे मोजमाप केले. हाताच्या पुढच्या भागातून जितके शोषले जाते त्याच्या सुमारे सहापट कपाळातून आणि तेरापट जबड्याच्या कोनाजवळच्या त्वचेतून आत जाते, असे त्यांना आढळले. तळपायाच्या जाड कातडीला जे औषध जेमतेम पुरते, तेच गालावर अतोनात होते. स्टेरॉइडच्या दीर्घ वापराने त्वचेचे थर पातळ होतात, तिला बळ देणारे तंतू क्षीण होतात आणि जंतूंना रोखणारी तिची स्वाभाविक शक्ती दबते. केसांच्या मुळाशी पुन्हा दाह सुरू होतो आणि मुरुमे पूर्वीपेक्षा अधिक उठतात. मलम थांबताच इतके दिवस आवळून धरलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल होतात; म्हणून चेहरा भडकतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना ही अवस्था इतक्या वेळा पाहावी लागली, की त्यांनी तिला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस', म्हणजे स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा, असे स्वतंत्र नावच दिले.

खरे औषध धीमे

मुरुमे हा तारुण्यातील अत्यंत सामान्य विकार आहे. संप्रेरकांच्या प्रभावाने तैलग्रंथी अधिक स्राव करू लागतात, केसांच्या मुळाशी छिद्रे बुजतात, तेथे नेहमीचेच जंतू वाढतात आणि दाह होतो. यावर चांगली औषधे आहेत. बेन्झॉइल पेरॉक्साइड, अॅडापालीन आणि त्या वर्गातील अन्य औषधे जगभर वापरली जातात. पण त्यांचा स्वभाव स्टेरॉइडच्या अगदी उलट आहे. त्यांचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. आणि पहिल्या काही दिवसांत तर त्वचा कोरडी पडते, आग होते, कधी मुरुमे वाढल्यासारखीही वाटतात. म्हणजे बरोबर औषध आधी त्रास देते व मग गुण देते. चुकीचे औषध आधी गुण दाखवते व मग त्रास देते. परीक्षा, मुलाखत किंवा 'दाखवण्याचा कार्यक्रम' आठ दिवसांवर आलेल्या मुलीने यांपैकी कोणते निवडावे, हे सांगायला नको. तिला कोणी हा फरक समजावून सांगितलेलाच नसतो. म्हणून या प्रकरणात तिच्या अज्ञानाला किंवा नटण्याच्या हौसेला दोष देऊन मोकळे होणे अन्यायाचे आहे.

हा दोष कोठे वाटला गेला आहे हे पाहायचे तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी डोळ्यांसमोर ठेवावी. देशातील १२ केंद्रांत, चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांची चौकशी करण्यात आली. त्यांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावीत होते. त्यातील २९ टक्के लोकांनी ते गोरेपणासाठी, रोजचे क्रीम म्हणून किंवा चक्क दाढीनंतर लावायला वापरले होते. २४ टक्क्यांनी मुरुमांसाठी. यावरून ही केवळ मुलींची गोष्ट नाही हेही ध्यानात यावे. ५९ टक्क्यांहून अधिक लोकांना हे मलम डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते, आणि अशा सुचवलेल्या मलमांपैकी नव्वद टक्के मलमे तीव्र वा अतितीव्र वर्गातील होती. ग्रामीण व निमशहरी भागांत जहाल मलमांचा वापर अधिक होता. एकूण वापरणाऱ्यांपैकी ९० टक्के लोकांना अपाय झालेला होता. त्या अपायांत पहिला क्रमांक होता मुरुमे उठण्याचा किंवा असलेली वाढण्याचा.

या पाहणीत वैद्यकीय व्यवसायानेही आपले तोंड पाहावे असे बरेच आहे. ज्यांना डॉक्टरांनीच मलम लिहून दिले होते त्यांतील ४४ टक्के चिठ्ठ्या त्वचारोगतज्ज्ञांच्या नव्हत्या, याचाच अर्थ उरलेल्या निम्म्याहून अधिक तज्ज्ञांच्या होत्या. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांपैकी ८३ टक्के चिठ्ठ्यांवर मुदत उलटून गेल्यावरही औषध पुन्हा पुन्हा घेतले गेले. दहा दिवसांसाठी लिहिलेले मलम दोन वर्षे चालते, कारण चिठ्ठीवर दिवस लिहिलेले नसतात आणि दुकानात ती कोणी मागत नाही.

नियमातील पळवाट

येथे कायद्याचा प्रश्न येतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार काही औषधे 'शेड्यूल एच' या यादीत असतात. ती नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि डॉक्टरने तसे लिहिले नसेल तर एकाच चिठ्ठीवर ती दुसऱ्यांदा देताही येत नाहीत. स्टेरॉइडची नावे या यादीत होती. परंतु यादीच्या टिपेत एक सवलत होती. त्या पदार्थांपासून बनवलेली, पण बाहेरून लावण्यासाठी असलेली औषधे यादीतून वगळलेली होती. म्हणजे स्टेरॉइडची गोळी घ्यायला चिठ्ठी हवी; तेच स्टेरॉइड मलमात घालून गालाला लावायचे असेल तर नको. 'वरून लावायचे म्हणजे निरुपद्रवी' हा माजघरातील समज असा नियमपुस्तकात जाऊन बसला होता.

त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने या सवलतीविरुद्ध दीर्घकाळ पाठपुरावा केला. अखेरीस मार्च २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढून १४ स्टेरॉइड मलमांच्या बाबतीत ही वाट बुजवली. निर्णय योग्यच होता. पण त्याला उशीर झाला होता. त्याहून वाईट असे की, कागदावरची वाट बुजली तरी दुकानातील वाट खुलीच राहिली. आजही चिठ्ठी न दाखवता ही मलमे मिळवणे कोणाही ग्राहकाला अवघड जात नाही. वेष्टनावर लाल अक्षरांत इशारा छापलेला असतो. तो इंग्रजीत, अतिसूक्ष्म अक्षरांत आणि बहुधा नळी ज्या खोक्यात येते त्या खोक्यावर. खोके दुकानाबाहेरच फेकले जाते.

औषध प्रशासनाचे दुबळेपण महाराष्ट्राला नवे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले, तेव्हा नेमलेल्या न्या. लेंटिन आयोगाने या यंत्रणेची लक्तरे वेशीवर टांगली होती. २००३ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, दर २०० औषध दुकानांमागे आणि दर ५० कारखान्यांमागे एक निरीक्षक असावा, अशी शिफारस केली. निरीक्षकच अपुरे असतील तर दुकानदाराला भीती कोणाची? मृत्यू झाला की यंत्रणा हलते. बिघडलेला चेहरा मृत्यूच्या नोंदवहीत जात नाही, म्हणून त्याची दखलही घेतली जात नाही.

मिश्रणांचा धंदा

उत्पादकांची जबाबदारी याहून वेगळी नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतील क्लिग्मन आणि विलिस यांनी वांगेसाठी तीन औषधांचे एक मिश्रण सुचवले. त्यात हायड्रोक्विनोन व ट्रेटिनोइन यांच्या जोडीला सौम्य प्रमाणात एक स्टेरॉइड होते. त्याच धर्तीवरील, सौम्य स्टेरॉइड असलेल्या एका मलमाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये परवानगी दिली. तीही फक्त वांगेसाठी आणि अल्प मुदतीपुरती. आपल्याकडे हेच मिश्रण मोमेटासोन या अधिक तीव्र स्टेरॉइडसह बाजारात आले, आणि वांगेचे हे औषध मुरुमांच्या डागांवर, उन्हाने रापलेल्या वर्णावर आणि काहीच विकार नसलेल्या सावळ्या चेहऱ्यावर सर्रास लावले जाऊ लागले.

दुसरे मिश्रण त्याहून अविवेकी. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तीन-तीन, चार-चार औषधे एका नळीत. रोग कोणताही असो, एखादा बाण लागेल, हा हिशेब. गजकर्णावर असे मलम लावले की खाज तत्काळ थांबते, पण स्टेरॉइडमुळे बुरशीला मोकळे रान मिळते. गेल्या दशकात देशभर हट्टी, उपचारांना न जुमानणाऱ्या गजकर्णाची जी लाट आली तिला या मिश्रणांनी हातभार लावला, असे तज्ज्ञ सांगतात. २०२० मध्ये नाव मिळालेली 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' ही बुरशी नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. २०२३ मध्ये तिचे रुग्ण अमेरिकेतही आढळल्याची नोंद झाली. तिच्या नावातच भारताचा उल्लेख आहे. हा बहुमान मिरवावा असा नाही.

अशी मिश्रणे बाजारात आली कशी, याचे उत्तर संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने मे २०१२ मधील अहवालात दिले आहे. केंद्राच्या परवानगीशिवाय राज्यांच्या अधिकाऱ्यांनी मिश्र औषधांना परवाने दिल्याबद्दल समितीने कडक शब्दांत टीका केली. मार्च २०१६ मध्ये सरकारने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, पुन्हा तपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी आली. त्यांत स्टेरॉइडयुक्त मलमेही होती. परंतु एखादे मिश्रण बंद झाले की त्यातील एक घटक बदलून दुसरे बाजारात आणता येते. बंदीमागून बंदी घालत राहण्याऐवजी, शास्त्रीय आधार सिद्ध झाल्याशिवाय परवानाच मिळणार नाही, अशी व्यवस्था असणे हा खरा उपाय होय.

गोरेपणाची हाव

तथापि सारा दोष सरकार, डॉक्टर आणि दुकानदार यांच्यावर ढकलून समाजाला नामानिराळे राहता येणार नाही. 'गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' ही शब्दावली मराठी विवाहविषयक जाहिरातींत किती काळ छापली गेली, हे वाचकांना ठाऊक आहे. सावळ्या मुलीचे वर्णन करताना आजही 'निमगोरी', 'गव्हाळ' असे शब्द शोधावे लागतात. ज्या समाजात सावळा विठ्ठल सर्वांचा आहे, त्याच समाजात सावळी सून ही तडजोड मानली जाते. १९७५ मध्ये देशात गोरेपणाचे नाव मिरवणारे एक क्रीम बाजारात आले आणि २०२० मध्ये उत्पादकांना त्याच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढून टाकावा लागला. त्या क्रीमचा स्टेरॉइडशी संबंध नाही. पण उजळ चेहरा म्हणजे यशाची किल्ली, ही समजूत अशा मालाच्या जाहिरातींनी घट्ट केली. सौंदर्यप्रसाधनाने ती इच्छा पुरी होत नाही तेव्हा माणूस औषधाकडे वळतो, आणि स्टेरॉइड ती इच्छा चार दिवसांत पुरी करून दाखवते. इच्छा समाजाने निर्माण केलेली, आणि तिची शिक्षा एकट्या मुलीला.

यावर उपाय अशक्य कोटीतील नाहीत. तीव्र स्टेरॉइड मलमे २०१३ मध्ये निर्माण झालेल्या 'शेड्यूल एच-१' या कडक यादीत घालावीत. या यादीतील औषध विकताना दुकानदाराला डॉक्टर, रुग्ण आणि औषधाचे प्रमाण यांची नोंद करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. नोंद असली की तपासणीला आधार मिळतो. 'डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय चेहऱ्यावर लावू नये' हे वाक्य मराठीत, ठळकपणे, खोक्यावर नव्हे तर नळीवर छापले जावे. डॉक्टरांनी प्रत्येक चिठ्ठीवर किती दिवस लावायचे हे आकड्यात लिहावे. आणि शाळा-महाविद्यालयांतून वर्षातला एक तास या विषयाला द्यावा. ज्या वयात मुरुमे येतात त्या वयातील मुले दररोज शिक्षकांच्या समोर बसलेली असतात. मुरुमांचे खरे औषध सावकाश काम करते, एवढे एक वाक्य त्यांच्या कानी वेळेवर पडले तरी अनेक चेहरे वाचतील.

जे आधीच या फेऱ्यात सापडले आहेत त्यांनी घाबरून मलम एकाएकी टाकून देण्यापेक्षा तज्ज्ञाला गाठावे. ते टप्प्याटप्प्याने सोडवता येते. त्वचा सावरते, पण त्यासाठी कित्येक महिने लागतात आणि तो काळ कठीण असतो. त्या काळात घरच्यांनी 'आधी बरी दिसत होतीस' असे म्हणून तिला पुन्हा नळीकडे ढकलू नये, हीदेखील उपचाराचीच बाब आहे.

कायद्यातील पळवाट २०१८ मध्ये बुजली. पण कायदा अंमलात आला की नाही हे राजपत्रावरून ठरत नाही. ते गल्लीतील दुकानाच्या फळीवर ठरते. मलमाचे नाव घेऊन पैसे पुढे करणाऱ्या मुलीला फळीपलीकडून 'चिठ्ठी आहे का?' एवढा प्रश्न जोवर विचारला जात नाही, तोवर ती अधिसूचना मंत्रालयाच्या कपाटातच पडून आहे असे समजावे.